भाजलेल्या जखमांवरील त्वचारोपण
खोल भाजल्याने नष्ट झालेल्या त्वचेच्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागावरील निरोगी त्वचा काढून बसविण्याच्या शस्त्रक्रियेस त्वचारोपण म्हणतात. प्रत्येक भाजलेल्या जखमेस तिची गरज नसते. बाह्यत्वचा व अंतस्त्वचेचा वरचा थर एवढेच जळाले असल्यास केशपुटके व घर्मग्रंथी यांच्या अस्तरातील कोशिकांपासून नवी बाह्यत्वचा तयार होते आणि जखम सर्वसाधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत भरते. त्वचेची संपूर्ण जाडी जळाली म्हणजे हे बीजच उरत नाही. अशी जागा पांढुरकी वा काळपट, चामड्यासारखी कडक असते व टोचले तरी दुखत नाही. वेदना नसल्याने रुग्णाला दिलासा वाटतो, परंतु वस्तुतः ते गंभीर लक्षण होय. ती केवळ कडांकडून भरत येते आणि भरताना आकसून सांधे आखडतात.

पुण्याच्या परिसरातील नासारोपणाची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली व ती पुष्कळदा त्वचारोपणाचा आरंभ म्हणून सांगितली जाते. तीत कपाळावरची कातडी देठाने मूळ जागी जोडलेली ठेवीत, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा चालू राही. पूर्णपणे सुटी केलेली त्वचा जखमेवर जगविणे हा निराळा प्रश्न होता. झाक रेव्हर्दँ यांनी १८६९ मध्ये पॅरिस येथे त्वचेचे बारीक कण उघड्या जखमेवर रुजवून दाखविले. पुढील वर्षी लंडनमध्ये जॉर्ज पोलक यांनी भाजल्यानंतर दीर्घकाळ न भरलेल्या एका मुलीच्या जखमेवर ही रीत वापरली. त्यांनी स्वतःच्या त्वचेचे तुकडेही लावून पाहिले. ते मात्र टिकले नाहीत.

या अपयशाचे कारण कळण्यास सु. सात दशके लागली. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांची समस्या तीव्र झाली. टॉमस गिब्सन व पीटर मेडावर यांनी ग्लासगो येथे भाजलेल्या एका स्त्रीवर तिच्या भावाची त्वचा बसविली. ती काही दिवसांनी नष्ट झालीच. परंतु त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाले. शरीर परकी त्वचा ‘ओळखून’ ठेवते, म्हणजे हा प्रतिरक्षेचाच आविष्कार आहे, असे अनुमान त्यांनी १९४३ मध्ये मांडले. मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कायमच्या आच्छादनास रुग्णाची स्वतःचीच त्वचा हवी (एकरूप जुळे हा अपवाद), हे यातून निश्चित झाले.

रोपण केव्हा करावे, याबद्दलचे मत त्यानंतर बदलले. पूर्वी जळालेली कातडी आपोआप सुटेपर्यंत कित्येक आठवडे थांबत. त्या अवधीत जंतुसंसर्गाने अनेक रुग्ण दगावत. युगोस्लाव्हियातील मारिबॉर येथे झोरा यांझेकोविच यांनी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मृत थर पातळ कापांनी, रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत तासून लगेच रोपण करण्याची पद्धत रूढ केली (१९७०). आज ती सर्वत्र प्रमाण मानतात. जाळीदार छिद्रे पाडून त्वचा ताणण्याच्या १९६४ मधील युक्तीमुळे थोड्या त्वचेत मोठी जखम झाकता येऊ लागली.

शरीराचा बहुतांश भाग जळाल्यास तेवढीही त्वचा मिळत नाही. अशा वेळी मृत दात्याची त्वचा उपयोगी पडते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. ग्लिसरॉलमध्ये जतन केलेली ही त्वचा काही आठवड्यांत गळून पडते. तोवर रुग्णाच्या अंगावरील त्वचा काढलेली जागा भरून तेथून पुन्हा त्वचा घेता येते.