‘स्किड’: चाक थांबवणाऱ्या शब्दाची घसरण

गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर दुचाकी पडली, की लोक म्हणतात, ‘गाडी स्लिप झाली.’ त्याच अपघाताच्या इंग्रजी बातमीत क्रियापद येते ‘स्किड’. आज त्याचा अर्थ ताबा सुटून घसरणे. मूळ अर्थ जवळजवळ उलटा होता.

सतराव्या शतकाच्या आरंभी ‘स्किड’ म्हणजे जड वस्तूखाली घातलेला लाकडी ओंडका किंवा फळी. व्युत्पत्ती निश्चित नाही. जुन्या नॉर्स भाषेत लाकडाच्या तुकड्याला असलेल्या शब्दाशी त्याचे नाते असावे, असे कोशकार मानतात. बर्फावरची ‘स्की’ त्याच कुळातली.

१६७०च्या दशकात क्रियापद आले, ते चाकाला अटकाव करणे या अर्थाने. उतारावर मागच्या चाकाखाली साखळीने बांधलेला जाड तुकडा सरकवीत. चाक फिरेनासे होई आणि गाडी त्या तुकड्यावर फरफटत सावकाश उतरे. म्हणजे ‘स्किड’ करणे हे गाडीवानाचे सावधपणाचे काम होते.

पण अडलेले चाक फिरत नाही, घसरते. लोकांच्या नजरेत अटकावापेक्षा ही घसरण अधिक भरली असावी. १८३८पर्यंत ‘घसरत जाणे’ हा अर्थ रूढ झाला. १८८४मध्ये, सायकलींच्या काळात, ‘बाजूला निसटणे’ हा अर्थ नोंदला गेला. सकर्मक क्रियापद अकर्मक झाले. पूर्वी गाडीवान चाक ‘स्किड’ करी, आता गाडी स्वतःच ‘स्किड’ होते. वाक्यातून माणूस नाहीसा झाला. मराठी ‘घसरणे’ मुळातच अकर्मक. १८३१च्या मोल्सवर्थ कोशातही ते आहे. ‘गाडी घसरली’ म्हटले, की दोष कोणाचा हा प्रश्न निघतच नाही.

इथे तो निघायला हवा. १८८५च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले, ऊस वाढला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर येथे कारखाने उभे राहिले. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले, बैलांबरोबर ट्रॅक्टरही ऊस ओढू लागले. भिजलेल्या रानातून निघालेली ट्रॉली टायरांना चिकटलेली काळी माती डांबरावर सांडत जाते. ती वाळली की धूळ. दव किंवा पावसाचा शिडकावा झाला की तिचा बुळबुळीत थर होतो.

त्या थरावर दुचाकीस्वार दचकून ब्रेक दाबतो. चाक जाम होते. जाम चाकाची पकड फिरत्या चाकापेक्षा कमी, आणि पुढचे चाक जाम झाले तर हँडल वळवूनही गाडी वळत नाही. तीनशे वर्षांपूर्वी मुद्दाम केली जाणारी गोष्ट इथे नकळत घडते.

चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. एप्रिल २०१९पासून भारतात १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना ती बंधनकारक झाली. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचा एकत्रित ब्रेक पुरेसा मानला गेला. तो चाक जाम होणे रोखत नाही. आणि गावोगावी दूध घालायला किंवा रानात जायला निघणारी दुचाकी बहुधा शंभर सीसीचीच असते.