‘मुलांनो, पुन्हा भेटू’: एका बोर्डिंग शाळेतल्या फादरांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करू या.

तुमच्या फोनमध्ये शाळेचा एखादा ग्रुप नक्की असेल. दहावी अ, दहावी ब, काहीतरी. एरवी त्यावर गुड मॉर्निंगचे फोटो पडत असतात. पण एखाद्या रात्री कुणीतरी सहज विचारतं, ‘अरे, आपले गणिताचे सर आठवतात का?’ आणि मग जी झुंबड उडते! कुणाला सरांचा खडू आठवतो, कुणाला छडी आठवते, कुणाला परीक्षेच्या आधी त्यांनी फुकट घेतलेला ज्यादा तास. गंमत म्हणजे एकाच सरांबद्दल दोघं अगदी उलट बोलतात, आणि दोघंही शपथेवर सांगायला तयार असतात.

आजचा प्रश्न याच आठवणींचा आहे. विद्यार्थ्याला आठवणारा शिक्षक हा इतिहास म्हणता येईल का? त्यावर कितपत विसंबायचं? यासाठी आपण जाऊ या फ्रान्समध्ये, एका कॅथलिक बोर्डिंग शाळेत. ही गोष्ट जगाला कळली ती मुख्यतः तिथल्याच एका विद्यार्थ्यामुळे. आणि त्याने ती सांगितली चाळीसहून जास्त वर्षांनी.

पॅरिसच्या दक्षिणेला फोंतेनब्लो नावाचं गाव आहे. तिथला राजवाडा आणि जंगल प्रसिद्ध. त्याला लागूनच आव्हाँ. इथे कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंनी 1934 मध्ये मुलांसाठी एक निवासी शाळा काढली. तिचे मुख्याध्यापक होते पेर झाक. फ्रेंचमध्ये ‘पेर’ म्हणजे वडील, म्हणजे आपण ज्यांना ‘फादर’ म्हणतो ते. त्यांचं मूळ नाव लुसियाँ ब्युनेल. जन्म 1900 चा, नॉर्मंडीतल्या बारांताँ गावचा. घर सूतगिरणीतल्या कामगाराचं. आव्हाँला येण्याआधी ते ल हाव्र या बंदराच्या शहरात एका शाळेत शिकवत होते.

म्हणजे बघा, गिरणी कामगाराचा मुलगा मुख्याध्यापक, आणि त्याच्या शाळेत पोरं कुणाची? बऱ्याच अंशी श्रीमंतांची. त्यातलाच एक लुई माल. जन्म 1932, घराणं साखर कारखानदारांचं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पेर झाक सैन्यात भरती झाले. 1940 मध्ये फ्रान्स हरला आणि ते जर्मनांच्या कैदेत गेले. सुटून आले ते थेट शाळेकडे, आणि 1941 च्या सुरुवातीला शाळा परत उघडली. पण तोवर देश बदलला होता. जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारने ऑक्टोबर 1940 मध्येच कायदा केला होता की ज्यूंना सरकारी नोकरीत जागा नाही, शिक्षक म्हणूनही नाही. आणि जुलै 1942 मध्ये पॅरिसमध्ये एका धरपकडीत तेरा हजारांवर ज्यू पकडले गेले. त्यात चार हजारांवर लहान मुलं होती. पकडणारे कोण? जर्मन नव्हे, फ्रेंच पोलीस.

आता अशा वेळी निवासी शाळा म्हणजे काय जागा आहे, विचार करा. शंभर पोरांमध्ये तीन वाढली तर रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार? गणवेश सारखा, जेवणाची घंटा सारखी, झोपायच्या खाटाही सारख्या. फक्त हजेरीपटावरचं नाव बदलायला हवं.

पेर झाक यांनी नेमकं तेच केलं. जानेवारी 1943 मध्ये तीन ज्यू मुलं खोट्या नावांनी शाळेत दाखल झाली. त्यांची खरी नावं आज मोठ्याने घेऊ या, कारण तेव्हा ती घेता येत नव्हती: हान्स-हेल्मुट मिशेल, झाक हाल्पर्न आणि मोरिस श्लॉसर. हान्स जर्मनीतल्या फ्रांकफुर्टचा. शाळेत तो झाला झाँ बॉने.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. चौथ्या एका ज्यू मुलाला त्यांनी शाळेत कामाला म्हणून ठेवलं. मोरिसच्या वडिलांना जवळच्या गावकऱ्याच्या घरी लपवलं. आणि लुसियाँ वेल नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाला, ज्यांची नोकरी ज्यू असल्यामुळे गेली होती, त्यांना शिक्षक म्हणून नेमलं. कायदा म्हणतो ज्यू शिक्षक नको, आणि हा मुख्याध्यापक म्हणतो, या सर, तास घ्या.

वर्षभर हे चाललं. मग आला 15 जानेवारी 1944, शनिवार. कडाक्याच्या थंडीत गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची माणसं शाळेत शिरली. तिन्ही मुलं पकडली गेली. पेर झाक यांनाही अटक झाली. वेल सर, त्यांची आई आणि बहीण यांना त्याच दिवशी घरून उचललं. शाळा बंद करण्याचा हुकूम सुटला.

मुलं अंगणात उभी होती. फादरांना नेताना ती ओरडली, ‘ओ रव्वार, मों पेर!’ फादर, पुन्हा भेटू! आणि ते वळून म्हणाले, ‘ओ रव्वार, लेझाँफाँ. आ ब्यँतो.’ पुन्हा भेटू मुलांनो, लवकरच.

त्या अंगणात अकरा वर्षांचा लुई माल उभा होता.

पुढचं मी सरळ तारखांत सांगतो. 3 फेब्रुवारी 1944 ला पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीतून एक गाडी आउशविट्झकडे निघाली. तिन्ही मुलं त्यात होती, वेल सर आणि त्यांच्या घरचेही. त्यातलं कुणीच परत आलं नाही. पेर झाक यांना एका छावणीतून दुसरीत हलवत ऑस्ट्रियातल्या माउटहाउजेन आणि तिच्याच गुजेन नावाच्या उपछावणीत नेलं. मे 1945 मध्ये अमेरिकन सैन्याने छावणी सोडवली तेव्हा ते जिवंत होते. पण क्षयाने पोखरलेले, वजन जेमतेम 34 किलो. 2 जून 1945 ला लिंत्स शहरातल्या इस्पितळात त्यांचं निधन झालं. त्यांना मूठमाती मिळाली ती आव्हाँलाच. 1985 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने, ज्यूंना वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या इतरधर्मीयांना दिला जाणारा सन्मान, त्यांना मरणोत्तर दिला.

आता त्या अंगणातल्या मुलाकडे येऊ. लुई माल पुढे मोठे दिग्दर्शक झाले. आपल्याशीही त्यांचा एक धागा आहे बरं का. 1968 मध्ये ते भारतात फिरले आणि इथल्या आयुष्यावर एक माहितीपट मालिका केली. तिचा शेवटचा भाग मुंबईवर आहे. ही मालिका बीबीसीवर दाखवल्यावर आपलं सरकार इतकं चिडलं की 1970 मध्ये बीबीसीला दिल्लीतलं कार्यालयच बंद करावं लागलं. सांगायचा मुद्दा काय, की हा माणूस कुणाला न रुचणारं दाखवायला घाबरणारा नव्हता. तरीही स्वतःच्या शाळेतली ती सकाळ पडद्यावर आणायला त्यांना 1987 उजाडावं लागलं. खरं तर हाच आपला पहिला सिनेमा व्हायला हवा होता, असं ते नंतर म्हणत. सिनेमाचं नाव? फादरांचेच शब्द: ‘ओ रव्वार लेझाँफाँ’. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण सिंह, मिळाला.

आता खरी गंमत ऐका. हा सिनेमा आठवणीतून आलेला आहे, पण तो घटनेची नक्कल नाही. नावं बदललेली आहेत: पेर झाकचे झाले पेर झाँ, लुईचा झाला झुलियाँ. सिनेमातला बॉने नाताळच्या सुट्टीनंतर येतो आणि थोड्याच दिवसांत पकडला जातो. प्रत्यक्षात ती मुलं वर्षभर शाळेत होती. सिनेमा सांगतो की फादर माउटहाउजेनला वारले. प्रत्यक्षात लिंत्सच्या इस्पितळात, सुटकेनंतर.

आणि सगळ्यात मोठा बदल असा. सिनेमात गेस्टापोचा माणूस वर्गात येऊन बॉनेचं खरं नाव घेतो आणि विचारतो, हा कोण? सगळे गप्प. झुलियाँची नजर नकळत, क्षणभर, मित्राकडे वळते. ती त्या माणसाच्या लक्षात येते आणि बॉने सापडतो. मालनी पुढे स्वतःच सांगितलं की ही नजर कल्पनेतली आहे. दोघांची मैत्रीही प्रत्यक्षात इतकी घट्ट नव्हती.

मग काय, खोटं का हे सगळं? कोर्टात ही साक्ष टिकणार नाही, हे खरं. पण विचार करा, अकरा वर्षांचं एक मूल काहीही न करता वाचतं आणि शेजारच्या बाकावरचं नाहीसं होतं. त्याचा अपराध काहीच नाही. तरी चाळीस वर्षं मनात एक रुखरुख राहते, आणि शेवटी ती रुखरुख एका नजरेचं रूप घेते. गाडी कधी सुटली, कुठे पोचली, हे कागद सांगतात. मागे राहिलेल्या मुलांचं काय झालं, हे त्या कागदांत नसतं. ते सांगायला विद्यार्थीच लागतो.

म्हणून आठवण आणि दफ्तर शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. नुसती आठवण घेतली तर ती नजर इतिहास म्हणून छापली जाईल. नुसतं दफ्तर घेतलं तर तीन मुलं म्हणजे गाडीच्या यादीतल्या तीन ओळी उरतील.

आणि हो, एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. चर्चच्या निवासी संस्थांमध्ये सगळेच पेर झाक नव्हते. आयर्लंडमध्ये अनाथ आणि गरीब मुलांना ज्या संस्थांत ठेवत, त्या बहुतेक कॅथलिक संघच चालवत. तिथे मुलांना कसं झोडपलं गेलं, त्यांचं लैंगिक शोषण कसं झालं, हे 2009 च्या चौकशी आयोगाच्या अहवालात आलं. ते उघडकीला कसं आलं? तिथे वाढलेल्या, आता वयस्क झालेल्या हजारावर लोकांनी आपल्या आठवणी सांगितल्या म्हणून. वर्षानुवर्षं त्यांना ‘जुनं कशाला उकरता’ असं ऐकावं लागलं होतं.

बघा, वसतिगृह तेच, रात्री बंद होणारं दारही तेच. आईवडील लांब असतात, आणि मुलाचं सगळं जग त्या शिक्षकाच्या हातात असतं. त्या बंद दाराआड आव्हाँमध्ये तीन मुलांना वर्षभर आसरा मिळाला, आणि दुसरीकडे त्याच बंद दाराआड मुलांचे हाल झाले. दोन्ही ठिकाणी पुढे बोलले ते विद्यार्थीच.

तर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर ‘आपले सर आठवतात का’ असं कुणी विचारलं, तर नुसता हसरा चेहरा टाकून सोडून देऊ नका. लिहा. वर्ष लिहा, वर्ग लिहा, सरांचं पूर्ण नाव लिहा. दुसऱ्याला वेगळं आठवत असेल तर त्याच्याशी भांडू नका, तेही खाली लिहून ठेवा. आणि कुणी छडीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगत असेल, तर ‘जाऊ दे ना, जुनं झालं’ म्हणू नका. ऐकून घ्या.

आव्हाँच्या त्या अंगणात त्या शनिवारी बरीच मुलं उभी होती. त्यातल्या एकाने सांगितलं, म्हणून आज आपण मराठीत हान्स-हेल्मुट, झाक आणि मोरिस यांची नावं घेतोय.

भेटू पुढच्या भागात.