इंजिन खरंच बसलंय का? जुनी बोलेरो-स्कॉर्पिओ बंद पडल्यावर मोठा खर्च करण्याआधी काय तपासावे

ग्रामीण भागात बोलेरो किंवा स्कॉर्पिओ ही नुसती मिरवायची गाडी नसते. दूध डेअरीला नेणे, बाजाराचा माल, लग्नसराईचे भाडे, रात्री-अपरात्री पेशंट तालुक्याला पोचवणे, सगळे तिच्यावरच चालते. बहुतेकांनी ती सेकंडहँड घेतलेली असते, काहींनी कर्ज काढून. अशी गाडी एक दिवस घाटात धूर सोडून उभी राहते आणि टोचन करून गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ऐकू येतं, "इंजिन गेलं, बदलावं लागंल."

कधी ते खरे असते, पण बऱ्याचदा दुखणे लहान असते. आणि इंजिन खरोखर गेले असले तरी ते कशामुळे गेले हे न शोधता दुसरे बसवले, तर दुसरेही त्याच वाटेने जाते. त्यामुळे हो म्हणण्याआधी खालील तपासण्या मालकाने समोर उभे राहून करून घ्याव्यात.

आधी स्वस्तातले दोष बाजूला काढा

स्टार्टर फिरतो पण गाडी चालू होत नाही, तेव्हा दोष बहुधा डिझेलच्या वाटेत असतो. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचलेले असते, पाइप हवा घेतो, नोझल खराब होतो किंवा सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली असते. कॉमन रेल गाडी असेल तर स्कॅनर लावून फॉल्ट कोड बघावा.

गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते, तर एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज आणि काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह आधी बघावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण ते पिस्टनच्या रिंगांतूनच येते असे नाही, टर्बोचे सील गेले तरी तसाच धूर येतो. टर्बोच्या दोन्ही बाजूंचे पाइप काढून आत किती ऑइल आहे ते पाहिले की बरेच कळते.

ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करावी. नंतर ऑइलची पट्टी बघावी आणि गॅरेजमध्ये सेन्सर काढून त्या जागी साधा प्रेशर गेज लावावा. गेजवर प्रेशर बरोबर दाखवले तर दोष सेन्सरचा. गेजवरही प्रेशर नसेल तर मात्र इंजिन चालूच करू नये.

इंजिन फिरतच नाही तेव्हा

स्टार्टर मारला की नुसता "टक्" आवाज येतो, याचा अर्थ लगेच इंजिन जाम असा नाही. बॅटरी, तिची टोके, अर्थिंग आणि स्टार्टर तपासावा. मग गाडी न्यूट्रल करून क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने इंजिन फिरवून बघावे. फिरले नाही तर बेल्ट काढून पुन्हा बघावे, कारण अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला तरी इंजिन अडते.

गाडी ओढ्याच्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर स्टार्टर अजिबात मारू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. पाणी दबत नाही, त्यामुळे जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल किंवा ग्लो प्लग काढून इंजिन फिरवावे आणि पाणी बाहेर पडू द्यावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर लागते.

मोठ्या दुखण्याच्या खुणा

- पट्टीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते: ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. हेड गॅस्केट फुटले, हेडला तडा गेला किंवा ऑइल कूलर आतून फुटला, यांपैकी काहीतरी आहे. कूलर फुटला असेल तर काम बरेच स्वस्तात होते.
- रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतात आणि पाणी बाहेर फेकले जाते: सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतो आहे. हे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडले तर तोंड-हात भाजतात.
- खालून जड "ठक-ठक" आवाज येतो आणि ॲक्सिलेटरबरोबर वाढतो: बिगएंड बेअरिंगची शंका. वरून हलकी "टिकटिक" असेल तर व्हॉल्व्ह किंवा नोझलकडे बघावे.
- चालू इंजिनचे ऑइल भरायचे झाकण सैल केले की आतून जोरात धूर फेकला जातो: कॉम्प्रेशन खाली उतरते आहे, रिंगा-लायनर झिजले असावेत.
- ऑइल फडक्यातून गाळल्यावर चमकणारी कणी सापडते: बेअरिंग किंवा क्रँक खाल्ला जातो आहे. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागदही उलगडून बघावा.

कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय निर्णय नको

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजतात. डिझेल इंजिनात तो साधारण ३०० ते ४५० पीएसआयच्या दरम्यान असतो. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो, तो कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचाच दाब पडला असेल तर त्यांच्या मधले गॅस्केट फुटल्याची शक्यता जास्त असते.

त्यापुढची पायरी म्हणजे लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकतात. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा आणि लायनर, सायलेन्सर किंवा हवेच्या वाटेतून आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. या टेस्टला थोडा वेळ आणि थोडेच पैसे लागतात, पण हेडच्या कामात भागणारी गाडी पूर्ण इंजिनाच्या खर्चातून वाचते. सर्व आकडे कागदावर लिहून घ्यावेत.

दुरुस्ती, बांधणी की दुसरे इंजिन?

पहिला मार्ग म्हणजे फक्त हेडचे काम. गॅस्केट बदलणे, हेड सपाट करणे, व्हॉल्व्ह बसवणे. दुसरा मार्ग पूर्ण बांधणी. त्यात लायनर किंवा बोअर, पिस्टन-रिंगा, मेन व बिगएंड बेअरिंग, गरज असेल तर क्रँक ग्राइंडिंग आणि ऑइल पंप येतो. तिसरा मार्ग दुसरे इंजिन. ब्लॉकला तडा गेला, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेला, तरच तिसरा मार्ग सरळ परवडतो.

हिशेब करताना गाडीचे वयही धरावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फेरनोंदणी करावी लागते आणि ती ५ वर्षांची मिळते. गाडी १४ वर्षांची असेल, पत्रा सडला असेल आणि इंजिनाचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, तर आहे त्या स्थितीत विकण्याचा विचारही घरात बसून करावा. कर्ज फिटायचे असेल तर राहिलेले हप्तेही त्यात मोजावेत.

वापरलेले इंजिन घेताना

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी अशा ठिकाणी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत. तिथून इंजिन आणताना दोन धोके असतात. एक, न जुळणारे इंजिन. दोन, चोरीचे इंजिन.

नाव एक असले तरी इंजिन एक नसते. जुन्या बोलेरोत २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते, २०१६ मध्ये आलेल्या बोलेरो पॉवर प्लसमध्ये १४९३ सीसीचे तीन सिलिंडरचे आले. सुरुवातीच्या स्कॉर्पिओचे २.६ लिटरचे इंजिन आणि नंतरचे २१७९ सीसीचे एमहॉक हेही वेगळे. त्यातच बीएस-३, बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ यांत सेन्सर आणि वायरिंग बदलते. म्हणून आपल्या गाडीच्याच मॉडेलचे, त्याच बीएसचे इंजिन घ्यावे. कॉमन रेल इंजिनाचे नोझल बदलले तर अनेक मॉडेलमध्ये त्यांवरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरावा लागतो.

इंजिन नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला तर कितीही स्वस्त असले तरी हात लावू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल आणि ते ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची व स्क्रॅपच्या कागदांची प्रत घ्यावी. पैसे देण्याआधी इंजिन हाताने फिरवून बघावे, ऑइलचे चेंबर खोलून आत गाळ किंवा कणी आहे का तेही बघावे.

बसवताना या गोष्टी चुकवू नका

इंजिन खाली उतरलेले असते तेव्हाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचे क्रँक सील आणि माउंटिंग तपासून बदलून घ्यावे. नंतर फक्त त्यासाठी पुन्हा सगळे खोलावे लागते आणि मजुरी दुप्पट जाते.

जुने इंजिन कणी होऊन गेले असेल तर ऑइल कूलर बदलावा, निदान पूर्ण धुऊन घ्यावा. इंटरकूलर आणि त्याचे पाइप आतून साफ करावेत. तिथे साचलेले ऑइल नव्या इंजिनात ओढले गेले तर ते आपोआप पळायला लागते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

इंजिन तापून गेले असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि फॅन यांचा दोष आधी काढावा. बोअरचे क्षाराचे पाणी वर्षानुवर्षे टाकल्याने रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात, हे आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे. कूलंट शुद्ध पाण्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळूनच भरावे आणि आतली हवा काढावी.

पहिल्यांदा चालू करण्याआधी डिझेल तोडून स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे आणि ऑइल प्रेशर येऊ द्यावे. मग चालू करून गळती बघावी. बांधलेले इंजिन पहिले हजार किलोमीटर जास्त लोड न देता, एकाच वेगात न धरता चालवावे. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलावे.

कागदपत्रे: १४ दिवसांची मुदत

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. हेडचे काम किंवा त्याच ब्लॉकची बांधणी केली तर नंबर बदलत नाही. ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन बदलले तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आधीच आरटीओत विचारून मंजुरी घेतली तर पुढची धावपळ वाचते. गाडीवर बोजा असेल तर बँक, पतसंस्था किंवा फायनान्स कंपनीची संमती घ्यावी. विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नवा नंबर चढवावा. नंबर जुळला नाही तर अपघाताच्या दाव्यात आणि गाडी विकताना मालकच अडकतो.

गॅरेजशी व्यवहार

कामाआधी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात मजुरी आणि पार्ट वेगळे लिहिलेले असावेत. काढलेले जुने पार्ट परत मागावेत, खोलताना मोबाइलवर फोटो काढावेत आणि वॉरंटी किती महिने, किती किलोमीटर हे बिलावरच लिहून घ्यावे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच असतो. ओळखीचा मेस्त्री असला तरी तोंडी व्यवहारावर राहू नये.