वाढत्या अंगाचा खेळ

शालेय क्रीडा स्पर्धांत १४ वर्षांखालील गटाचा बॅडमिंटनचा सामना पाहायला उभं राहावं. जाळीच्या एका बाजूला मिसरूड फुटलेला, खांदे भरलेला मुलगा. दुसऱ्या बाजूला त्याच्याच वर्गातला, जेमतेम त्याच्या छातीला लागणारा. जन्मदाखल्यावर दोघांत महिन्याचंही अंतर नसेल, पण शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. पहिला जिंकतो आणि दुसरा पुढच्या वर्षी नाव देत नाही. हरलेल्याच्या अंगात खेळच नव्हता, की अजून अंगच भरलं नव्हतं? हा प्रश्न ज्यांना अस्वस्थ करतो, त्यांचं वाढत्या मुलांचं शरीर आणि खेळ यांच्या अभ्यासात मनापासून स्वागत आहे. त्यासाठी वैद्यकीची पदवी लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-फैजपूरकडच्या शाळांतले पीटीचे सर आणि मॅडम डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहिलं आहे.

मुलींची उंची साधारण १२व्या वर्षी आणि मुलांची १४व्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. त्या भरात मुलगा वर्षाला ९-१० सेंटिमीटरही उंच होतो. आधी पाय लांबतात, धड मागून वाढतं आणि स्नायूंची ताकद त्याहून उशिरा येते. कोपऱ्यातलं शटल सहज उचलणारी मुलगी अचानक अडखळू लागते आणि घरचे म्हणतात, हिचं लक्ष नाही. लक्ष असतं; बदललेल्या हातापायांचा अंदाज अजून आलेला नसतो. याच दिवसांत गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखणं सुरू होतं, कारण स्नायू जिथे कोवळ्या हाडाला धरून असतो तिथेच प्रत्येक उडीचा ताण बसतो. सिमेंटच्या कोर्टावर हा ताण वाढतो. अशा मुलाला ‘पळ, मोकळं होईल’ असं सांगू नये. काही आठवडे उड्या आणि स्मॅश कमी करून सर्व्हिस, जाळीजवळचा खेळ आणि पायांची ठेवण शिकवावी.

रॅकेटच्या खेळांनी शरीरशास्त्राला एक मोठी सोय करून दिली आहे. खेळाडूचा एक हात खेळतो, दुसरा फारसा खेळत नाही; दोन्ही हातांना आहार तोच, आनुवंशिकता तीच. त्यामुळे दोन हातांच्या हाडांत जो फरक दिसतो, तो मुख्यतः खेळाचा. फिनलंडमध्ये पेक्का कान्नुस आणि सहकाऱ्यांनी टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या हातांची अशी तुलना केली आणि १९९५ मध्ये निष्कर्ष छापले. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांच्या हाडांना मिळालेला लाभ नंतर सुरुवात करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता.

हा निष्कर्ष खानदेशात वाचताना मन बेचैन होतं. आपल्याकडे अनेक घरांत पाळी आली की मुलीचा खेळ सुटतो आणि त्याआधी ‘अजून लहान आहे’ म्हणून रॅकेट हाती आलेली नसते. म्हातारपणी हाडं ठिसूळ होण्याचा धोका बायकांनाच अधिक. त्याविरुद्धची पुंजी साठवण्याची वर्षं ही अशी हातची जातात. या विषयातली एकच गोष्ट पालकसभेत सांगायची असेल, तर ती हीच सांगावी.

मुलाची वाढ वयाप्रमाणे होते आहे का, हे ताडून पाहायला परदेशी तक्ते वापरायची गरज नाही. पुण्याच्या वामन आणि अनुराधा खाडिलकर यांच्या संशोधनाचा मोठा वाटा असलेले, ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र एकट्या वजनावर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपली बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त असते. आहाराचं उत्तर घरातच आहे: कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध आणि सरावानंतर केळं. एप्रिल-मेचा सराव सूर्य वर येण्याआधी आटोपावा. लहान मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो.

एकाच खेळाची घाईही नको. १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, सांगलीचे नंदू नाटेकर, आधी टेनिस खेळत. कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचून मग ते बॅडमिंटनकडे वळले.

या अभ्यासाची सुरुवात भिंतीवरच्या मोजपट्टीने करावी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उभी उंची, बैठी उंची (म्हणजे पाय वाढताहेत की धड, ते कळतं) आणि वजन वहीत लिहावं. शेजारी जन्मतारीख आणि कुठे दुखतं तेही. मोजताना पायात काही नसावं, टाचा भिंतीला टेकलेल्या असाव्यात आणि वेळ दर खेपेला सकाळचीच असावी, कारण संध्याकाळपर्यंत मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते.