बारा फोटोंचं लग्न: कॅमेऱ्यापुढे काय आलं आणि काय राहून गेलं

मागच्या वेळी आपण लग्नपत्रिकेचा इतिहास पाहिला. आज तिच्या शेजारचाच विषय घेऊ, लग्नाचे फोटो. हल्ली घरात लग्न ठरलं की फोटोग्राफर पहिल्याच भेटीत विचारतो, "कुठले कुठले क्षण हवेत?" मग घरात यादी सुरू होते. कुणाला हळद हवी, कुणाला रुखवत, कुणाला पाठवणीचं रडणं. प्रश्न साधा वाटतो. पण आम्ही जुने अल्बम पाहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ही यादी म्हणजे त्या त्या काळातल्या घराची कबुलीच असते: आमच्या दृष्टीने लग्न म्हणजे नेमकं काय, आणि त्यात मोजण्यासारखी माणसं कोण.

सुरुवात अगदी मुळापासून करू. फोटोची कला पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८४० मध्ये, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं, पण त्याचा फोटो नाही. १८५८ साली तिच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा मात्र विधीला निघण्याआधी आईवडील आणि मुलगी यांचा एक फोटो काढला गेला. त्यात राणी हलली आणि तिचा चेहरा पुसट आला. बघा, एवढ्या मोठ्या राजघराण्यालाही लग्नाचा फोटो काढायचा तर लग्नाच्या आधी, स्थिर उभं राहूनच काढावा लागला. प्रत्यक्ष विधी टिपणं त्या काळच्या कॅमेऱ्याला झेपणारं नव्हतं.

आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे मराठी माणूस कॅमेऱ्यामागे लवकर उभा राहिला. पण लग्नघरात कॅमेरा यायला फार वेळ लागला. कारण सोपं आहे. तेव्हा काचेवर रसायनाचा थर द्यायचा, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या जागेत ती धुवायची. शिवाय भरपूर उजेड हवा. आणि आपला लाडका मुहूर्त कुठला? गोरज! दिवेलागणीला, मांडवाखाली, होमाच्या धुरात हा कॅमेरा काय करणार? १८८० नंतर तयार कोरड्या काचा बाजारात आल्या, तेव्हा काम पुष्कळ सोपं झालं. तरीही बरीच वर्षं रीत अशी होती की लग्न उरकल्यावर नवरा-नवरीने स्टुडिओत जायचं. मागे रंगवलेला पडदा, एक खुर्ची, एक फुलदाणी. एक बसलेला, दुसरा उभा, हसायचं नाही.

आपण ज्याला लग्नाचा फोटो म्हणतो तो असा लग्नानंतरचा फोटो होता. त्यात विधी नाही, भटजी नाहीत, वऱ्हाड नाही. हे दोघं आता नवरा-बायको आहेत, एवढंच तो सांगतो. क्षण निवडण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला रोल फिल्म आणि फ्लॅशबरोबर. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांतला आपल्या शहरांतला लग्नाचा फोटोग्राफर डोळ्यांपुढे आणा. गळ्यात दोन भिंगांचा, वरून डोकावून पाहायचा कॅमेरा. त्यात १२० नंबरचा रोल. चौकोनी फोटो काढले तर एका रोलमध्ये बाराच. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा. जळला की गरम बल्ब काढून दुसरा लावायचा. फिल्म महाग, बल्ब महाग. त्यामुळे वधूपिता आधीच सांगून ठेवायचा, "दोन रोल, जास्त नाही." म्हणजे चोवीस फोटो.

आता चोवीस फोटोंत लग्न बसवायचं आहे. आम्ही पाहिलेल्या अल्बममध्ये क्रम साधारण ठरलेला दिसतो. गौरीहरापुढे बसलेली नवरी. मामा तिला बोहल्यावर आणतो तो. अंतरपाट धरलेला. हार घालताना. कन्यादान. एखादा होमाचा. सूनमुखाचा आरसा. आणि मग उरलेले सगळे ग्रुप फोटो: मुलाकडचे, मुलीकडचे, कचेरीतले साहेब. साहेबांचा फोटो चुकला तर घरात बोलणी बसत. मंगलाष्टकं संपत आली की फोटोग्राफरचा जीव वर-खाली व्हायचा, कारण शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट दूर होणार, अक्षता पडणार, आणि नेमका तेव्हाच रोल संपला तर? म्हणून जाणता माणूस एक-दोन फोटो शिल्लक असले तरी रोल आधीच बदलून घेई.

इथे एक गंमत सांगायची आहे. म्हटलं तर गंमत, म्हटलं तर नाही. आपल्या बोलण्यात "लग्न लागलं" कधी? अक्षता पडल्या, हार घातले की. बँड वाजतो, पेढे वाटतात, माणसं पंगतीकडे वळतात. कायदा काय म्हणतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं की विवाह दोघांपैकी कुणाही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे, विधींनी झाला पाहिजे. आणि त्या विधींत सप्तपदी येत असेल, तर सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणजे ज्या घरांत सप्तपदीची रूढ आहे तिथे कायद्याच्या डोळ्यांपुढचा क्षण सातव्या पावलाचा आहे. आणि त्या वेळी मांडवात असतं कोण? भटजी, दोघांचे आईवडील, पाच-सात म्हातारी माणसं. बाकी सगळे जेवायला. कित्येकदा फोटोग्राफरसुद्धा!

याचं गांभीर्य कळायला एक खटला आठवावा लागतो. महाराष्ट्रातलंच प्रकरण, १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. पहिली बायको असताना नवऱ्याने दुसरं लग्न केलं, असा आरोप होता. न्यायालयाने म्हटलं की दुसरं लग्न झालं हे आवश्यक विधींसह सिद्ध व्हायला हवं. होम आणि सप्तपदी झालीच नव्हती, आणि त्यांच्याशिवाय लग्न लागतं अशी रूढही सिद्ध झाली नाही. नवरा सुटला. त्या खटल्यात फोटोचा प्रश्न नव्हता. पण त्यातून एवढं समजतं की मांडवात कुठला विधी झाला, कुणी पाहिला, यावर एखाद्या बाईचं सगळं आयुष्य टांगलेलं असू शकतं. पुढे लग्ननोंदणी वाढली, आणि नोंदणीच्या कागदांबरोबर लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटोही मागितला जाऊ लागला. हौसेची वस्तू पुराव्याची वस्तू झाली.

सगळ्यांचे क्षण सारखे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या बौद्ध लग्नांचे फोटो पाहा. अंतरपाट नाही, होम नाही. पांढरे कपडे, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, आणि त्या प्रतिमेसह वधूवर. प्रतिमा चौकटीबाहेर जाणार नाही याची काळजी घेतलेली दिसते. आम्ही जुन्या रूढी सोडल्या, ही गोष्ट त्या एका फोटोत नोंदवलेली असते. नोंदणी पद्धतीच्या लग्नात सही करतानाचा हात हाच मुख्य क्षण.

आता जे फोटोत आलं नाही त्याकडे वळू. एका घरात आम्हाला १९६८ सालचा अल्बम पाहायला मिळाला. एकतीस फोटो. कन्यादानाला काका-काकू बसलेले. आम्ही विचारलं, आईवडील? वडील आधीच गेले होते. आई होती. तिनेच मुलीला वाढवलं, तिनेच लग्नाचे पैसे जमवले. पण विधवेने कन्यादानाला बसायचं नाही, ओवाळायचं नाही, ही तेव्हाची रीत. त्यामुळे फोटोग्राफरला दिलेल्या यादीत ती नव्हतीच. एकतीसपैकी एकाच फोटोत ती सापडते, रुखवताच्या फोटोत, खांबाआड, अर्धी. फोटोग्राफरने तिला टिपलेलं नाही. ती चुकून आली आहे. आणि त्या मुलीने, म्हणजे आजच्या आजींनी, अल्बम उघडल्यावर आम्हाला पहिल्यांदा दाखवला तो तोच फोटो. हाराचा नाही, कन्यादानाचा नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला अशी अर्धी माणसं शोधावी लागतात. जेवण रांधणाऱ्या बायका, बँडवाले, डोक्यावर गॅसबत्ती घेऊन वरातीत चालणारी माणसं, हे सगळे कडेला कापले गेलेले सापडतात.

आज एका लग्नात हजारो फोटो निघतात. मग निवड संपली का? आम्हाला तसं वाटत नाही. पूर्वी फिल्मने निवडायला भाग पाडलं. आता ठरलेल्या नमुन्यांची यादी निवडते. हार पुन्हा घाला, जरा इकडे बघा, गुरुजी थांबा. हजार फोटोंत नवरा-नवरी सातशे वेळा असतात आणि आत्या एकदाही नसते, असं सहज होतं.

हेरवाड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावाने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने तो आदर्श मानून परिपत्रक काढलं. ठराव गाव करतं, परिपत्रक सरकार काढतं, पण फोटोची यादी आपण घरातच करतो. तेव्हा फोटोग्राफरने विचारलं की कुठले क्षण हवेत, तर दोन गोष्टी जरूर सांगा. पहिली, सप्तपदी होईपर्यंत जेवायला जाऊ नका, तुमचं पान वाढून ठेवतो. दुसरी, क्षणांच्या यादीखाली माणसांची एक यादी लिहून द्या, आणि घरातली जी बाई स्वतःहून कॅमेऱ्यापुढे येणार नाही, तिचं नाव त्यात सगळ्यात वर घाला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.