उसन्या विजेची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत खेळू लागले, त्या पाण्यावर ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले, आणि गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर, ट्रक व जीपगाड्यांची जी रहदारी या रस्त्यांवर अहोरात्र वाहू लागली तिच्याबरोबर वाटसरूंच्या धर्मात एका नव्या कर्तव्याची भर पडली. कोणाची बॅटरी उतरली, तर जवळून जाणाऱ्याने थांबावे आणि जंपर केबल लावून आपल्या गाडीची वीज त्याला उसनी द्यावी, हे ते कर्तव्य होय. आज सर्वपरिचित झालेल्या या युक्तीचे कूळ शोधू गेल्यास तिचा आरंभ मनुष्याच्या मनगटापाशी सापडतो.

फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते याने १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत्‌घट सिद्ध केला, आणि १८८१ मध्ये कामीय फोर याने त्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन त्याची धारणशक्ती वाढवली. तरीही पुढे कित्येक वर्षे मोटारीचे एंजिन जागे करण्याचे काम माणसाच्या बाहुबळावरच सोपवलेले होते. गाडीच्या तोंडाशी उभे राहून हँडल मारावे लागे, आणि ठिणगी अवेळी पडली तर तेच हँडल उलट फिरून मारणाऱ्याचे मनगट मोडी. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने हे संकट दूर केले. दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, आणि अल्पकाळ चालणाऱ्या मोटरवर तिच्या नित्य क्षमतेहून कितीतरी अधिक भार टाकता येतो, हे त्याने त्या कामात जाणले होते. याच तत्त्वावर उभा राहिलेला त्याचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसला, आणि मनगटाचे काम बॅटरीकडे गेले.

इंदापूर तालुक्यात कळंब गावाजवळ साखर कारखाना उभारून ज्यांनी वालचंदनगर वसवले, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. त्या पिढीच्या गाड्यांत विजेचा स्टार्टर असे, परंतु हँडलाची तजवीजही पुष्कळ गाड्यांत राखून ठेवलेली असे. म्हणून स्टार्टर चालला नाही तर हँडल, आणि हँडल नसेल तर चार माणसांचा धक्का, असा शिरस्ता दीर्घकाळ टिकला. परक्याच्या विजेची निकड अद्याप भासत नव्हती.

१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये एंजिन आडवे बसवलेले होते, आणि गाडीच्या तोंडातून हँडल घालण्याची वाटच तीत उरली नव्हती. धक्का मात्र शिल्लक होता. पुढे कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी संगणकनियंत्रित यंत्रणा आली. तिचा पंप आणि तिचा संगणक दोन्ही बॅटरीवर अवलंबून असल्यामुळे, बॅटरी पूर्ण उतरली असता केवळ ढकलून भागेनासे झाले, आणि ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीपुढे तर धक्का सर्वस्वी निरुपयोगीच ठरला. अशा रीतीने हँडल आणि धक्का हे दोन्ही उपाय मागे पडत गेले, आणि त्यांचा वारसा तांब्याच्या दोन जाड तारांकडे आला.

या वारशाबरोबर जोखीमही आली. बारा व्होल्टांच्या बॅटरीत सहा घट असतात आणि ती पूर्ण भरली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. परंतु स्टार्टर फिरताना तीतून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढला जातो, म्हणून बारीक वायर तापते आणि कामही होत नाही. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि मग भरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार भरलेल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या एंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावे. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू शेवटच्या जोडणीच्या ठिणगीने पेटू शकतो. गाडी सुरू झाल्यावर तारा काढण्याचा क्रम याच्या उलट असतो. ट्रकची यंत्रणा बहुधा चोवीस व्होल्टांची असते, आणि तिची वीज बारा व्होल्टांच्या मोटारीला देणे म्हणजे उपकाराऐवजी अपकार करणे होय.

आजच्या मोटारीत देणाऱ्यालाही जपावे लागते. अनेक गाड्यांच्या ऋण टोकावर बॅटरीची अवस्था मोजणारा संवेदक बसवलेला असतो, म्हणून काळी तार त्या टोकाला न लावता निर्मात्याने नेमून दिलेल्या अर्थिंगच्या जागी लावावी लागते. बॅटरी डिकीत किंवा आसनाखाली असेल, तर जोडणीची टोके बॉनेटखाली वेगळी काढून दिलेली असतात. उतरलेल्या बॅटरीत अल्टरनेटर जोराने वीज भरत असताना तार एकाएकी सुटली, तर क्षणभर उठणारा दाब नाजूक विद्युत्‌यंत्रणेला इजा करू शकतो. कित्येक हायब्रीड गाड्यांच्या निर्मात्यांनी तर त्यांच्या लहान बॅटरीतून दुसऱ्याचे वाहन सुरू करण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे.

या निर्बंधांवरून परोपकाराचा हा मार्ग आता बंद झाला असे मानू नये, असे मला मनापासून वाटते. हँडलाच्या काळात साहाय्याला बळ पुरत असे; आता त्याच साहाय्याला ज्ञानाची जोड हवी, आणि ते ज्ञान दुर्लभ नाही. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका एकदा शांतपणे वाचून जोडणीची जागा आणि तारांचा क्रम ध्यानात ठेवणे एवढेच त्यासाठी पुरेसे आहे. मोटार चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक शाळेने क्लच आणि ब्रेक यांच्याबरोबर हा पाठही आवर्जून द्यावा, कारण उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेत रात्री अडकलेल्या माणसाला मदत करू इच्छिणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची सदिच्छा सफळ व्हावी एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.