लेन्सवरच्या रेघा आणि आपली दोन बोटं

जुनी मॅन्युअल लेन्स अडॉप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर वापरणारे सध्या बरेच दिसतात. तुमच्याकडे अशी लेन्स असेल तर तिच्या कडेवर बघा. मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ असे आकडे जोडीनं कोरलेले असतात. ही डेप्थ ऑफ फील्डची पट्टी. अ‍ॅपर्चर एफ/८ असेल, तर दोन्ही ८ च्या मधे येणारी अंतरं फोटोत शार्प येतील, असं ती सांगते. पण तिच्यावर विश्वास किती ठेवायचा?

त्यासाठी १९२५ मध्ये जाऊ या. जर्मनीत, लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत, ऑस्कर बार्नाकनं घडवलेला लायका कॅमेरा लोकांसमोर आला. स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्यांत मागच्या दुधी काचेवर चित्र बघून फोकस करता यायचा. लायकात ती काचच नव्हती. व्ह्यूफाइंडर नुसती चौकट दाखवायचा. अंतर आपण अंदाजानं लावायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला तो १९३२ च्या लायका टू मध्ये. अंदाजावर चालणाऱ्या अशा कॅमेऱ्यांना या रेघांचा मोठा आधार होता. अंदाज जरा चुकला तर चालेल का, हे त्या सांगायच्या.

आता गंमत ऐका. लेन्स नेमका फोकस करते तो एकाच अंतरावर. त्याच्या पुढे-मागे प्रत्येक बिंदूची बारीक चकती होते. ही चकती किती लहान असली की डोळा तिला बिंदूच समजेल? ३५ मिमी फिल्मसाठी साधारण १/३० मिमी ही मर्यादा रूढ झाली. २४ बाय ३६ मिमीची फ्रेम पाचपट मोठी केली, की १२ बाय १८ सेंमीचा प्रिंट होतो आणि चकती होते सुमारे ०.१७ मिमी. हातात धरून बघताना ती सहसा खटकत नाही.

म्हणजे त्या रेघांमागे फोटो बघणारा माणूस गृहीत धरलाय. तो छोटा प्रिंट हातात घेऊन बघतो, भिंग लावत नाही.

आपण मात्र लावतो! २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर ३६ मिमीत ६००० पिक्सेल असतात. १/३० मिमीची चकती त्यातले पाचाहून जास्त पिक्सेल व्यापते. स्क्रीनवर झूम केलं की ती लगेच दिसते.

उदाहरण घ्या. ५० मिमी लेन्स, एफ/८. अनंताची खूण ८ वर आणली, तर पट्टीच्या मते साधारण ४.७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प. पण चकती निम्मी हवी असेल, तर तीच सुरुवात ९.४ मीटरवर जाते. आणि पट्टीप्रमाणे लावलेल्या फोकसमध्ये दूरचा डोंगर बरोब्बर मर्यादेच्या काठावर बसतो, म्हणून तोच मऊ दिसतो.

मग करायचं काय? मी दोन स्टॉप आतलं वाचतो: अ‍ॅपर्चर एफ/८, पण बघायच्या ४ च्या रेघा. त्यानं चकती निम्मी होते. सेन्सर एपीएस-सी असेल तर आणखी एक स्टॉप आत या, कारण लहान फ्रेम जास्त मोठी करावी लागते. अडॉप्टरही तपासा. चंद्रावर फोकस केल्यावर खूण अनंतावर येत नसेल, तर अंतराचे आकडेच सरकलेत.

रस्त्यावर फोटो काढताना मात्र मी पट्टीचं जसंच्या तसं ऐकतो. त्याच लेन्सवर, एफ/८ ला, ३ मीटरवर फोकस ठेवला, की साधारण २.३ ते ४.४ मीटरमधली माणसं टिपायला कॅमेरा तयार. फोटो शेवटी फोनवर बघायचाय, आणि फोनचा पडदा तर त्या जुन्या प्रिंटपेक्षाही लहान. तिथे पट्टी आजही खरी ठरते, दोन बोटांनी झूम करेपर्यंत!

भेटू पुढच्या भागात.